बीपी: आधी नीट मोजा, मग गोळीचं बोला

बीपी निघालं की घरात चर्चा सुरू होते. गोळी लगेच घ्यायची का, एकदा लागली की सुटेल का, शेजारच्या काकांनी लसूण खाऊन कसं खाली आणलं. ज्या आकड्यावरून हे सगळं सुरू झालं तो आकडा मोजला कसा, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत रक्तदाबावर पुष्कळ संशोधन झालं. त्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग दोन साध्या गोष्टींचा आहे. एक, आपण बीपी चुकीचं मोजतो. दोन, बीपी खरंच जास्त आहे हे कळल्यावर औषध फार चाचरत देतो आणि घेतो.

आयसीएमआरच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे, म्हणजे साधारण तिघांत एकाला. बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. त्रास होतो तो थेट पक्षाघात, हार्ट अटॅक किंवा किडनी निकामी होण्याच्या रूपात, तोही बऱ्याच वर्षांनी. म्हणून या आजारात निदान म्हणजे फक्त तो आकडा. तोच चुकला तर पुढचं सगळं चुकतं.

दवाखान्यात काय होतं ते आठवून बघा. बाकावर बसलेलो असतो, नंबर येतो, उठून आत जातो. डॉक्टर दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता विचारतात, "काय होतंय?" आणि आपण सांगायला लागतो. पट्टा फुगत असतो, आपण बोलत असतो, हात मांडीवर किंवा नुसता लोंबत असतो, शर्टाची बाही वर सरकवून दंडाला आवळलेली असते. यातली प्रत्येक गोष्ट आकडा बदलते.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी यातली एकच गोष्ट घेऊन प्रयोग केला: हात कुठे आहे? त्याच माणसांचं बीपी तीन तऱ्हांनी मोजलं. हात टेबलावर छातीच्या पातळीला टेकवून, हात मांडीवर ठेवून, आणि हात बाजूला लोंबता सोडून. २०२४ मध्ये निष्कर्ष आले. हात मांडीवर असताना वरचं बीपी सरासरी ३.९ ने जास्त आलं, आणि लोंबता असताना ६.५ ने. कारण सरळ आहे. दंड हृदयाच्या खाली गेला की रक्ताच्या स्तंभाचं वजन त्या दाबात मिळतं. दर दहा सेंटीमीटरला सात-आठ अंकांचा फरक पडतो. ज्याचं खरं बीपी १३५ आहे त्याला केवळ हात लोंबत होता म्हणून १४१ चा शिक्का बसू शकतो.

पट्ट्याचं प्रकरण याहून गंभीर आहे. दंड जाड आणि पट्टा लहान असेल, तर धमनी दाबून बंद करायला पट्ट्याला जास्त जोर लावावा लागतो आणि मशीन तो जोर बीपी म्हणून दाखवतं. २०२३ च्या एका अमेरिकी चाचणीत, ज्यांना सगळ्यात मोठ्या मापाचा पट्टा हवा होता त्यांना नेहमीच्या मापाचा लावून पाहिला. वरचं बीपी सरासरी १९.५ ने जास्त आलं. एकोणीस! एवढ्या फरकात निरोगी माणूस रुग्ण ठरतो. उलट बारीक दंडाला नेहमीचा पट्टा लावला तर आकडा साडेतीनच्या आसपास कमी येतो आणि खरा रुग्ण सुटून जातो. घरासाठी मशीन घेताना मेडिकलवाला डबा काढून देतो, आपण किंमत बघतो. दंडाचा घेर टेपने मोजून पट्ट्यावर छापलेल्या मापाशी जुळवायला एक मिनिटही लागत नाही, आणि माझ्या मते ब्रँडपेक्षा ती गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. मनगटावर लावायची मशीन शक्यतो टाळावी, कारण तिथे हाताच्या पातळीची चूक सहज होते.

मग नीट मोजायचं कसं? अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू, सिगारेट नको. लघवी करून यावं. पाठ टेकवून खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसावं, मोबाइलही बाजूला. पाय जमिनीवर सपाट, एकावर एक नाही. पट्टा उघड्या दंडावर, दंड टेबलाच्या आधाराने छातीच्या पातळीला. मोजताना बोलायचं नाही. मिनिटभराच्या अंतराने दोन-तीनदा मोजून सरासरी धरायची. पहिला आकडा बहुधा सगळ्यात मोठा येतो, त्याने घाबरून जाऊ नये.

एवढं सगळं नीट केलं तरी एक अडचण उरते. काही लोकांचं बीपी फक्त डॉक्टरांसमोर वाढतं आणि घरी बरोबर असतं. काहींचं नेमकं उलटं: दवाखान्यात छान, घरी आणि कामाच्या ठिकाणी जास्त. हा दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो कुणाला दिसतच नाही. 'इंडिया हार्ट स्टडी' या अभ्यासात पंधरा राज्यांतल्या सुमारे एकोणीस हजार लोकांचं दवाखान्यातलं आणि घरचं बीपी ताडून पाहिलं. बीपीची गोळी अजून सुरू न झालेली ही माणसं होती. पहिल्या भेटीत त्यांतले सुमारे ४२ टक्के लोक या दोनपैकी एका प्रकारात बसत होते. म्हणजे एकाच भेटीतल्या आकड्यावर विसंबलं तर शंभरातल्या चाळीस जणांच्या बाबतीत फसगत होऊ शकते.

म्हणून आता जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की शक्य असेल तिथे निदान पक्कं करायला घरी मोजा. सलग सात दिवस, सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी दोनदा, रात्री झोपण्याआधी दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी. ती १३५/८५ किंवा जास्त असेल तर उच्च रक्तदाब समजतात. दवाखान्यात ही रेषा १४०/९० ला आहे, अमेरिकेत १३०/८० ला. काही ठिकाणी चोवीस तास दंडाला बांधून ठेवायचं मशीन मिळतं. ते रात्री झोपेतलंही बीपी सांगतं, आणि त्याची सरासरी १३०/८० च्या खाली असावी लागते. आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. त्या वहीचं मोल दवाखान्यातल्या एका मोजणीपेक्षा कितीतरी जास्त आहे. मात्र हे सात दिवस सोडून रोज दहा-दहा वेळा मोजत बसू नका. घाबरून मोजलेलं बीपी वरच जातं.

आता औषधाकडे. आधी प्रश्न येतो, बीपी कुठवर खाली आणायचं?

२०१५ मध्ये अमेरिकेतली 'स्प्रिंट' नावाची चाचणी ठरलेल्या वेळेआधीच थांबवावी लागली, कारण एका गटाचा फायदा उघड दिसत होता. पन्नाशीपुढच्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या ९,३६१ लोकांचे दोन गट केले होते. एकात वरचं बीपी १४० च्या खाली ठेवायचं, दुसऱ्यात १२० च्या खाली. १२० च्या गटात हार्ट अटॅक, पक्षाघात, हृदय कमजोर होणं असे प्रसंग २५ टक्क्यांनी कमी झाले आणि मृत्यू २७ टक्क्यांनी. स्प्रिंटमध्ये मधुमेही नव्हते. ती उणीव चीनमधल्या एका मोठ्या चाचणीने २०२४ मध्ये भरून काढली. बारा हजारांहून जास्त मधुमेही त्यात होते, आणि तिथेही १२० च्या खाली आणल्याचा फायदा दिसला. युरोपच्या २०२४ च्या सूचना आता सांगतात, की रुग्णाला सोसत असेल तर उपचार घेताना वरचं बीपी १२० ते १२९ च्या दरम्यान ठेवा.

'सोसत असेल तर' हे शब्द विसरू नका. स्प्रिंटच्या कमी-बीपी गटात बीपी फार उतरणं, भोवळ येणं, रक्तातले क्षार बिघडणं आणि किडनीवर ताण येणं हे प्रकारही जास्त झाले. आणखी एक मुद्दा पुन्हा मोजणीकडे नेतो. स्प्रिंटमध्ये बीपी मोजताना माणसाला पाच मिनिटं शांत बसवून, स्वयंचलित मशीनने तीनदा मोजून सरासरी घेत. तिथलं १२० आणि आपल्या गडबडीच्या ओपीडीतलं १२० एक नव्हे. घाईत मोजलेल्या आकड्याला १२० पर्यंत ओढत नेलं तर प्रत्यक्षात बीपी फार खाली जाऊ शकतं. म्हातारी माणसं पलंगावरून उठताना तोल जाऊन पडतात ते अशा वेळी. ज्यांना उभं राहिल्यावर अंधारी येते त्यांचं बीपी उभं राहूनही मोजायला सांगा.

आता ज्या भागावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय तो: गोळ्या किती आणि केव्हा.

आपल्याकडची नेहमीची रीत अशी. बीपी १५४/९६ निघतं. डॉक्टर म्हणतात, मीठ कमी करा, चाला, महिन्याने या. माणूस पाच महिन्यांनी येतो, बीपी तेवढंच. मग एक गोळी, अगदी लहान डोसची. आणखी तीन महिन्यांनी १४८. मग त्याच गोळीचा डोस दुप्पट. पाय सुजायला लागतात, गोळी बंद होते. वर्ष निघून जातं आणि बीपी जिथे होतं तिथेच. यात डॉक्टरांची सावधगिरी आहे, रुग्णाची "दोन-दोन गोळ्या म्हणजे आजार फार वाढलाय" ही भीतीही आहे. संशोधन मात्र या रीतीच्या विरोधात जातं.

शरीर बीपी अनेक मार्गांनी सांभाळतं. किडनी मीठ-पाणी धरून ठेवते, रक्तवाहिन्या आवळतात, हार्मोन्स दोन्ही कामांना हुकूम देतात, हृदय जोरात धडधडतं. एक मार्ग बंद केला की शरीर दुसऱ्यावर जोर देतं. म्हणून एकाच औषधाचा डोस वाढवत नेण्यात फारसं काही हाती लागत नाही. अर्ध्या डोसमध्येच साधारण ८० टक्के परिणाम मिळून जातो, उरलेल्या अर्ध्या डोसने वाढतात ते जास्त करून दुष्परिणाम. ४२ चाचण्यांचा एकत्र हिशोब २००९ मध्ये मांडला गेला. त्यात दिसलं, की त्याच गोळीचा डोस दुप्पट करण्यापेक्षा दुसऱ्या प्रकारची गोळी जोडल्याने बीपी पाचपट जास्त उतरतं. एकाच हमालाच्या डोक्यावर दुप्पट पोतं चढवण्यापेक्षा दोघांत ओझं वाटलेलं बरं, तसंच हे.

याच विचारातून कमी डोसची एकत्र गोळी पुढे आली. श्रीलंकेत ७०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत तीन औषधं अर्ध्या डोसमध्ये एकाच गोळीत घातली: टेल्मिसार्टन २०, अम्लोडिपिन २.५ आणि क्लोरथॅलिडोन १२.५ मिलिग्रॅम. २०१८ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी तीन-औषधी गोळीवाल्या ७० टक्के लोकांचं बीपी आटोक्यात होतं, नेहमीच्या उपचारावरच्या ५५ टक्क्यांचं. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये चार औषधं पाव-पाव डोसमध्ये देऊन पाहिली. बारा आठवड्यांनी ७६ टक्के आटोक्यात, एकाच औषधाच्या पूर्ण डोसवर ५८ टक्के. आणि औषधं जास्त म्हणून लोकांनी उपचार सोडून दिले, असं काही या चाचण्यांत दिसलं नाही.

भारतातली 'टॉपस्पिन' चाचणी मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण बीपीच्या औषधांचे बहुतेक जुने निष्कर्ष गोऱ्या लोकांवरच्या अभ्यासांतून आलेले होते. देशभरातल्या ३२ रुग्णालयांत १,९८१ रुग्णांना दोन औषधांच्या तीन वेगवेगळ्या जोड्यांपैकी एक जोडी, एकाच गोळीतून, रोज एकदा दिली. अम्लोडिपिन, पेरिंडोप्रिल आणि इंडापामाइड या तिघांतून त्या जोड्या केल्या होत्या. सहा महिन्यांनी तिन्ही जोड्या सारख्याच उतरल्या. चोवीस तासांचं बीपी साधारण १४/८ ने खाली आलं, दवाखान्यातलं ३०/१४ ने, आणि सुमारे ७० टक्के रुग्ण १४०/९० च्या खाली आले. कुठली जोडी श्रेष्ठ यावर डोकं खपवण्यापेक्षा कुठलीतरी जोडी लवकर सुरू करून रोज घेणं फायद्याचं, असा मी त्याचा अर्थ घेतो.

तुमच्या घरातली बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप उलटी करून बघा. पुष्कळदा मागे बारीक अक्षरांत दोन नावं असतात, 'टेल्मिसार्टन ४०' आणि 'अम्लोडिपिन ५', किंवा तिसरं 'क्लोरथॅलिडोन' अथवा 'हायड्रोक्लोरोथायझाइड'. घरचे म्हणतात "एकच गोळी चालू आहे", आणि ते दोन-तीन औषधं घेत असतात. डॉक्टर बदलला तर ही नावं सांगायला हवीत, नाहीतर तेच औषध दुसऱ्या ब्रँडने पुन्हा सुरू होतं. दुष्परिणामही नावावरून ओळखता येतात. अम्लोडिपिनने घोट्यापाशी सूज येते. रामिप्रिल, एनालाप्रिल, पेरिंडोप्रिलने कोरडा खोकला लागू शकतो, आणि लोक महिनोन्महिने खोकल्याचं औषध पीत राहतात. क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी, खासकरून म्हाताऱ्या माणसांत, रक्तातलं सोडियम-पोटॅशियम उतरतं, म्हणून अधूनमधून रक्त तपासावं लागतं. टेल्मिसार्टन आणि रामिप्रिलच्या जातीची औषधं गरोदरपणात चालत नाहीत, तेव्हा मूल हवं असणाऱ्या स्त्रीने हे आधीच डॉक्टरांना सांगायला हवं.

औषध नियमित मिळणं हाही उपचाराचाच भाग आहे. भारतात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम २०१७ च्या अखेरीस पाच राज्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे सुरुवातीचे जिल्हे. कल्पना साधी होती: ठरावीक दोन-तीन औषधं, कुठल्या आकड्याला काय द्यायचं याचा एकच तक्ता, प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्याची औषधं मोफत, आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा.

गोळी सकाळी घ्यावी की रात्री? स्पेनमधल्या एका अभ्यासाने रात्री घेतल्यास खूप फायदा होतो असा दावा केला आणि तो व्हॉट्सॲपवर अजून फिरतो. ब्रिटनमध्ये २१ हजारांवर लोकांवर झालेल्या चाचणीत २०२२ मध्ये दोन्ही गट जवळजवळ सारखेच निघाले, पुढे कॅनडातही तेच दिसलं. जी वेळ लक्षात राहते ती घ्या.

मिठाबद्दलचं नवं संशोधन सल्ल्याच्या पलीकडे गेलंय. उत्तर चीनच्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांपैकी निम्म्यांच्या घरात नेहमीच्या मिठाऐवजी ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं. पाच वर्षांत पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी झाले. डॉक्टर-औषध काही बदललं नव्हतं, बदलली होती फक्त मिठाची बरणी. आपल्याकडेही कमी सोडियमचं मीठ दुकानात मिळतं. पण किडनीचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका. पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सैंधव मात्र या प्रकारात येत नाही. तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे, "आम्ही सैंधव खातो" म्हणून पापड-लोणच्याला मोकळीक मिळत नाही. भारतीय माणूस दिवसाला सरासरी आठ ग्रॅमच्या आसपास मीठ खातो, जागतिक आरोग्य संघटना पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते.

शेवटी, तीन औषधं पुऱ्या डोसमध्ये घेऊनही बीपी उतरत नाही अशांबद्दल. आधी मोजणी तपासा, मग गोळ्या रोज घेतल्या जातात का ते. मग गुडघ्यासाठी रोज घेतली जाणारी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन, नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, जेष्ठमध, रात्रीचं जोरदार घोरणं, हे सगळं विचारात घ्या. एवढं करूनही आकडा अडून बसला तर मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथींतून अल्डोस्टेरॉन हे किडनीला मीठ-पाणी धरून ठेवायला लावणारं हार्मोन जास्त पाझरत असू शकतं. हा प्रकार वाटतो तेवढा दुर्मीळ नाही, तो तपासला जात नाही म्हणून सापडत नाही. २०२५ मध्ये हार्मोन-तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सूचनांनी तर उच्च रक्तदाबाच्या सगळ्याच रुग्णांची यासाठी रक्ततपासणी करावी असं सुचवलं. हे हार्मोन तयार होतानाच अडवणारं बॅक्सड्रोस्टॅट हे औषध त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चाचणीच्या शेवटच्या टप्प्यातून बाहेर आलं. हट्टी बीपीच्या रुग्णांत त्याने नुसत्या खोट्या गोळीपेक्षा जवळपास नऊ-दहा अंक जास्त उतार दिला. स्पायरोनोलॅक्टोन हे जुनं आणि स्वस्त औषध याच हार्मोनला दुसऱ्या टोकाला अडवतं, आणि तीन औषधांना न जुमानणाऱ्या बीपीवर चौथं औषध म्हणून ते सरस ठरतं हे २०१५ मध्येच ब्रिटनच्या चाचणीत दिसलं होतं. तीन गोळ्यांवर बीपी अडलं असेल आणि रक्तात पोटॅशियम कमी येत असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना अल्डोस्टेरॉन आणि रेनिनची (अल्डोस्टेरॉनला हुकूम देणाऱ्या किडनीतल्या रसायनाची) तपासणी करायची का, एवढं जरूर विचारा. चालू औषधांपैकी काही या तपासणीत गोंधळ करतात, त्यामुळे रक्त देण्याआधी कुठली गोळी किती दिवस थांबवायची हे त्यांनाच ठरवू द्या.